मुंबईकरांसाठी आकाशदर्शन: पहिल्या कार्यक्रमाआधी आणि पहिल्या रात्री

आकाशाची ओढ लागली की जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो: दुर्बीण कुठली घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. सध्या कुठलीच नको. आधी योग्य रात्र निवडा, मग जाणती माणसं गाठा. दुर्बिणीचा विचार एक अख्खा हंगाम झाल्यावर करा. मुंबईच्या आकाशात उजेड आणि धूर एवढा आहे की नवी कोरी दुर्बीण गच्चीवर लावून एकट्याने बसलेला माणूस चार रात्रींत कंटाळतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते. तीच व्यक्ती एखाद्या मंडळाबरोबर अमावास्येच्या रात्री शहराबाहेर गेली, तर पुढची कितीतरी वर्षं आकाशाकडे बघत राहते.

हा लेख अशा कार्यक्रमाला एकदाही न गेलेल्यांसाठी आहे.

मुंबईत काय काय चालतं

सुरुवात वरळीच्या नेहरू तारांगणापासून करा. हे १९७७ साली सुरू झालं. तिथे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत खेळ होतात. सोमवारी बंद असतं. महालक्ष्मी स्टेशनवरून बस किंवा टॅक्सीने पोचता येतं. घुमटाखालचं आकाश खरं नसतं हे मान्य, पण पहिल्या रात्रीआधी ते एकदा बघून घेण्याचा मोठा फायदा आहे. उत्तर कुठे, खस्वस्तिक म्हणजे नेमका डोक्यावरचा बिंदू कुठला, तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे कसे सरकतात, हे तिथे ढगांची चिंता न करता तासाभरात डोक्यात बसतं. मराठी खेळाची वेळ विचारून जा. नक्षत्रांची नावं आपल्या भाषेत ऐकली की लक्षात राहतात.

दुसरा प्रकार व्याख्यानांचा. चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेत विज्ञानाचे कार्यक्रम वर्षभर चालतात. ही संस्था १९६६ पासून मराठीतून विज्ञानप्रसार करते आहे. टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) ‘चाय अँड व्हाय’ हा रविवार सकाळचा गप्पांचा कार्यक्रम जुहूच्या पृथ्वी थिएटरात आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात होत आला आहे. त्याचे विषय सगळ्या विज्ञानातले असतात, त्यात खगोलशास्त्रही अधूनमधून येतं. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास बऱ्याच संस्था लोकांसाठी दारं उघडतात, तेव्हा त्या आठवड्यात घोषणांकडे लक्ष ठेवा.

तिसरा प्रकार, आणि या लेखाचा खरा विषय, म्हणजे हौशी मंडळं. १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा ठिकठिकाणी लोकांनी दुर्बिणी लावल्या आणि त्या उत्साहातून काही मंडळांच्या कामाला सुरुवात झाली. मुंबईचं खगोल मंडळ त्याच काळातलं. त्यांची साप्ताहिक बैठक वर्षानुवर्षं शीवच्या साधना विद्यालयात भरत आली आहे आणि रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम कर्जत मार्गावरच्या वांगणीजवळ होत आले आहेत. कल्याणमध्ये आकाश मित्र मंडळ आहे. आयआयटीत विद्यार्थ्यांचा ‘कृत्तिका’ नावाचा क्लब आहे. पुण्याला नातेवाईक असतील तर तिथली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे, देशातली ही सगळ्यात जुनी हौशी संस्था. ठिकाण, वार आणि वेळ बदलू शकतात, म्हणून निघण्याआधी त्या त्या मंडळाची ताजी सूचना बघाच.

थेट रात्रभराच्या कार्यक्रमाला जाण्याआधी मंडळाच्या एका साध्या बैठकीला जाऊन या. कोण शिकवतं, कसं शिकवतं, प्रश्न विचारले तर उत्तर मिळतं की ‘नंतर बघू’ ऐकावं लागतं, हे एका संध्याकाळी कळतं. शिवाय ओळखीचे दोन चेहरे असले की अंधारात बरं वाटतं.

रात्र कशी निवडायची

इथे आपल्याकडे एक उत्तम साधन आधीच भिंतीवर लटकलेलं आहे: कालनिर्णय. त्यात रोजची तिथी असते आणि आकाशदर्शनाला तिथीच हवी.

चंद्र हा आकाशातला सगळ्यात मोठा उजेड आहे. पौर्णिमेला गावाकडच्या अंधारातही अंधुक तारे पुसले जातात. म्हणून कोजागिरीला गच्चीवर दूध प्यायला या, पण आकाशगंगा बघायची असेल तर तो दिवस टाळा. रात्रभर अंधार हवा असेल तर अमावास्या आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे दोन-तीन दिवस धरा. मंडळं बहुधा अमावास्येच्या सगळ्यात जवळचा शनिवार घेतात, कारण रविवारी झोप काढता येते.

पण लहान मुलांना नेणार असाल तर माझी पसंती शुद्ध चतुर्थी-पंचमीला आहे. संध्याकाळी पश्चिमेला कोर असते. दुर्बिणीतून तिच्यावरची विवरं बघून मुलं ओरडतातच, आणि नऊ-दहाच्या सुमारास चंद्र मावळला की पुढची रात्र काळोखी. उलट बाजूने, संकष्टीला चंद्रोदयाची वेळ आपण सगळेच बघतो. त्यानंतर रोज चंद्र साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवत जातो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. म्हणजे वद्य दशमी ते शुद्ध पंचमी एवढी खिडकी आपल्याला दर महिन्याला मिळते.

फक्त चंद्रच बघायचा असेल तर मात्र पौर्णिमा नको. तेव्हा ऊन समोरून पडतं आणि चंद्र सपाट दिसतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीला, अर्ध्या चंद्राच्या वेळी, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. त्या रेषेवर नजर ठेवली की डोंगर उभे राहिलेले दिसतात.

अमावास्येच्या रात्री मुलांना बाहेर पाठवायला घरातली मोठी माणसं कुरकुरतात. वाद घालू नका. आजीलाच विचारा, लहानपणी गावी अवसेला आकाश कसं दिसायचं? बहुतेक आज्यांनी आपल्यापेक्षा जास्त तारे पाहिलेले आहेत, आणि त्या स्वतःच सांगू लागतात. शक्य असेल तर त्यांनाही घेऊन चला.

महिन्याचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरात आकाश धुतलेलं असतं पण ढग परत येऊ शकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम. मार्च-एप्रिलही उत्तम आणि पहाटे आकाशगंगेचा दाट भाग उगवतो, मात्र क्षितिजाजवळ धूसर असतं. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव शिगेला असतो. वर्षातल्या खात्रीच्या उल्कावर्षावांपैकी तो एक, आणि मुंबईजवळ तेव्हा ढग जवळजवळ नसतात. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव जगभर गाजतो, पण आपल्याकडे तो पावसात जातो. त्यावर सुट्टी खर्च करू नका.

आयोजक पारखून घ्या

अलीकडे कर्जत, मुरबाड, शहापूरच्या बाजूला ‘तारे बघायला या’ म्हणणारे कॅम्प पुष्कळ निघाले आहेत. काही चांगले आहेत. काहींमध्ये एक दुर्बीण कोपऱ्यात आणि बाकी शेकोटी, स्पीकर आणि बार्बेक्यू असतं. शेकोटी आणि आकाशदर्शन एकत्र जमत नाही. ज्वाळेकडे एकदा पाहिलं की अंधाराला सरावलेल्या डोळ्यांची अर्ध्या तासाची कमाई गेली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अशा ठिकाणी पहिल्यांदा जाऊन आलेला माणूस ‘काही खास नव्हतं’ म्हणतो आणि पुन्हा येत नाही.

पैसे भरण्याआधी फोन करून एवढं विचारा. तारीख कुठल्या तिथीची आहे? किती माणसं आणि किती दुर्बिणी? पन्नास जणांना एकच दुर्बीण असेल तर रात्र रांगेत जाईल. माहिती कोण सांगणार आणि मराठीत सांगणार का? मैदानावर दिवे बंद असतात का? ढग आले तर काय करणार? संडास-बाथरूम कुठे, झोपायची सोय बायकांसाठी वेगळी आहे का, स्टेशनवरून नेणार की स्वतः यायचं? पहिल्याच प्रश्नाला ‘तिथी म्हणजे?’ असं उत्तर आलं तर मी तरी पुढे विचारत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागणारं मंडळ चांगलं समजा. नियम कडक असतील तर वैतागू नका, रात्रभर अंधारात शंभर माणसं सांभाळायची असतात.

पिशवीत काय

मुंबईकर थंडीला कमी लेखतो. डिसेंबर-जानेवारीत वांगणी-नेरळच्या मोकळ्या रानात पहाटे तीननंतर जो गारवा उतरतो तो दादरच्या माणसाला माहीत नसतो, कारण तो त्या वेळी कधी उघड्यावर बसलेला नसतो. शिवाय दहिवर पडतं. चादर, बॅग, वही सगळं ओलं होतं. म्हणून स्वेटर, कानटोपी, मोजे, आणि खाली अंथरायला प्लॅस्टिकची चटई. तिच्यावर सतरंजी. झोपून आकाश बघणं हा सगळ्यात उत्तम मार्ग आहे, मान दुखत नाही.

बूट घाला, चपला नको. गवतात विंचू-साप असू शकतात. डासांसाठी ओडोमॉस. पाण्याची बाटली, कोरडा खाऊ. चिवडा आणि थर्मासमधला चहा पहाटे चारला अमृतासारखा लागतो.

आता टॉर्च. साधा टॉर्च घ्या आणि त्याच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या रबरबँडने बांधा. स्टेशनरीच्या दुकानात तो कागद सहज मिळतो. उजेड इतका मंद हवा की त्यात वही कशीबशी वाचता येईल. मोबाइलचा टॉर्च वापरायचा नाही, हे आधीच मनाशी ठरवून ठेवा.

घरात द्विनेत्री असेल, म्हणजे क्रिकेट बघायला घेतलेला बायनॉक्युलर, तर तो नक्की आणा. ७×५० किंवा १०×५० असा आकडा त्यावर असेल तर फारच छान. यातला दुसरा आकडा भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास असतो आणि आकाशासाठी तोच जास्त महत्त्वाचा.

गाडीचं वेळापत्रक पाहून निघा. वांगणीला सीएसएमटीहून कर्जत लोकलने पावणेदोन ते दोन तास लागतात. बदलापूरच्या पुढे जाणाऱ्या गाड्या कमी असतात. एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर बसावं लागतं आणि तोवर संध्याकाळचं आकाश हातचं जातं. दिवस असताना पोचा. जागा, वाट, खड्डे, संडास सगळं उजेडात बघून ठेवलं की रात्री दिवा लावायची वेळ येत नाही.

पोचल्यावर पहिला अर्धा तास

उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यातली बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण खरं काम दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर होतं. तिथल्या दंडपेशींमध्ये रोडॉप्सिन नावाचं द्रव्य हळूहळू साठत जातं आणि तेव्हा अंधुक प्रकाश दिसू लागतो. याला वीस ते तीस मिनिटं लागतात. एका पांढऱ्या दिव्याने ते द्रव्य क्षणात खर्च होतं आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. लाल प्रकाशाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून लाल टॉर्च. मोबाइल बघितलाच तर नुकसान फक्त तुमचं होत नाही, शेजारच्या दहा जणांचंही होतं. एखाद्याने फ्लॅश मारला तर मैदानातून एकदम ‘लाइट!’ अशी आरोळी उठते. ती तुमच्यावर उठली तर राग मानू नका, बंद करा आणि पुढे चला.

स्वतःची परीक्षा घ्यायची तर कृत्तिका, म्हणजे ताऱ्यांचा एक लहानसा पुंजका बघा. आल्या आल्या तिथे एक धुरकट ठिपका दिसेल. अर्ध्या तासाने पुन्हा बघा आणि मोजा. सहा दिसल्या तर डोळे तयार झाले.

अंधुक वस्तू सरळ रोखून बघितली की नाहीशी होते. नजर थोडी बाजूला ठेवा, की ती उमटते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी दंडपेशी नसतात, बाजूला असतात, म्हणून ही तिरकी नजर. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच दुसरं तारकाविश्व, नुसत्या डोळ्यांनी बघायची तर हीच युक्ती. तिथून निघालेला प्रकाश सुमारे २५ लाख वर्षं प्रवास करून तुमच्या डोळ्यात पडतो, आणि दुर्बिणीशिवाय सहज दिसणाऱ्या वस्तूंत त्यापेक्षा दूरचं काही नाही. आयुष्यात एकदा तरी हे दुर्बीण न लावता बघावं असं मला मनापासून वाटतं.

हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून साधारण दोन मुठी वर सापडतो. शर्मिष्ठेवरून किंवा सप्तर्षींवरून तो शोधा आणि मग मुठींनी पडताळा घ्या. अनेकांना तो सगळ्यात तेजस्वी तारा वाटत असतो. प्रत्यक्षात तो मध्यम आहे, त्याचं महत्त्व जागच्या जागी असण्यात आहे.

दुर्बिणीला डोळा लावताना

रांगेत तुमचा नंबर आला की दोन्ही हात मागे बांधा. खरंच. आधारासाठी नळीला हात लावायची सवय सगळ्यांनाच असते आणि हात लागला की गुरू गेला. मग दाखवणाऱ्याने पुन्हा शोधायचा, मागच्यांनी थांबायचं. मंडळांकडे बहुधा डॉब्सोनियन पद्धतीच्या दुर्बिणी असतात, म्हणजे लाकडी पेटीवर फिरणारी मोठी नळी. त्यांना मोटर नसते. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाश दोन मिनिटांत चंद्राच्या रुंदीएवढं सरकतं, म्हणून वस्तू आपोआपच एका कडेला जात राहते. वस्तू दिसेनाशी झाली तर सांगा, स्वतः नळी हलवू नका.

डोळा आयपीसला, म्हणजे ज्यातून बघायचं त्या भिंगाला, चिकटवायचा नाही, हळूहळू जवळ न्यायचा. एका ठरावीक अंतरावर एकदम गोल उजेड पूर्ण उघडतो, तिथे थांबा. दुसरा डोळा मिटून ताण देऊ नका, तळहाताने झाका. जवळचा-लांबचा चष्मा असेल तर काढून बघा, फोकस फिरवून भागतं. डोळ्यात सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवा.

आणि वेळ घ्या. दोन सेकंदांत ‘हो, दिसलं’ म्हणून बाजूला होणारे खूप असतात. त्यांना काहीच दिसलेलं नसतं, मागच्या माणसाचा संकोच वाटलेला असतो. दहा-पंधरा सेकंद बघा. हवा थरथरत असते. मधेच ती एक क्षण स्थिर होते आणि त्या क्षणी गुरूवरचे दोन पट्टे स्वच्छ दिसतात. दिसलं नाही तर मोकळेपणाने ‘नाही दिसलं’ म्हणा. चांगला स्वयंसेवक यावर खूश होतो.

अपेक्षा नीट ठेवून जा. फोटोत जे लाल-निळे तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचे ढग दिसतात ते तसे डोळ्याला दिसत नाहीत. कमी उजेडात दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग कळत नाही. मृगातला मोठा तेजोमेघ करड्या, किंचित हिरवट पंख्यासारखा दिसतो. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर आहे आणि तिथे तारे जन्माला येत आहेत, हे माहीत असलं की तो करडा डागही पुरतो. शनी मात्र कुणालाच निराश करत नाही. तो लहान दिसतो, पण कडं स्पष्ट असतं, आणि नळीच्या तोंडावर कुणी चित्र चिकटवलं तर नाही ना, असं लोक दरवेळी विचारतात.

गुरू आकाशात असेल तर वहीत एक रेघ मारून त्याचे चार चंद्र टिंबांनी काढा आणि वेळ लिहा. मध्यरात्रीनंतर पुन्हा काढा. आयो नावाचा चंद्र साधारण ४२ तासांत गुरूभोवती फेरी पूर्ण करतो, त्यामुळे चार-पाच तासांत टिंबांच्या जागा बदललेल्या दिसतात. १६१० साली गॅलिलिओने हेच केलं होतं. पहिल्या रात्री एवढं एक काम केलंत तरी खूप.

हिरवा लेझर फक्त दाखवणाऱ्याकडे असू द्या. मुंबईकडे येणारी विमानं डोक्यावरून जातात आणि वैमानिकाच्या डोळ्यांवर तो गेला तर गंभीर प्रकार होऊ शकतो.

जानेवारीच्या मध्याची एक रात्र

रात्रभर थांबलात तर काय क्रमाने येईल याचा अंदाज असावा, म्हणजे कधी डुलकी घ्यायची ते ठरवता येतं.

साडेसातला अंधार पुरा होतो. वायव्येला देवयानी, तिच्या उजवीकडे उत्तरेला शर्मिष्ठेचा एम. हे आधी बघून घ्या, कारण वांगणीहून त्या बाजूला बदलापूर-कल्याणचा उजेड आहे आणि देवयानी खाली गेली की त्यात बुडते. पावणेनऊच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात, मागोमाग तांबूस रोहिणी. साडेदहाला मृग माथ्यावर. मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांना आपण व्याधाने मारलेला बाण म्हणतो. त्या बाणाची रेषा मागे वाढवली की खाली व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. त्याच्याही खाली, दक्षिण क्षितिजापासून अठराएक अंशांवर, साडेअकराच्या आत-बाहेर अगस्त्य. तेजात व्याधाच्या खालोखाल त्याचाच नंबर आहे आणि युरोपातल्या बहुतेक भागांतून तो दिसतच नाही. आपण दक्षिणेला राहतो याचा हा फायदा.

एक ते तीन हा झोपेचा वेळ. ज्यांना जागं राहायचं त्यांच्यासाठी मघा डोक्यावर आलेली असते आणि सप्तर्षी ईशान्येला उभे. वसिष्ठाशेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी वेगळी दिसते का बघा.

चारला उठाच. आग्नेयेला चित्रा, पूर्वेला स्वाती वर आलेल्या असतात आणि लालसर ज्येष्ठा क्षितिजातून निघते. साडेपाचच्या आधी दक्षिणेला त्रिशंकू उभा राहतो, क्षितिजापासून जेमतेम अकरा अंशांवर, एका मुठीहून थोडा वर. त्याच्यासाठी दक्षिणेला डोंगर किंवा झाडं आड येणार नाहीत अशी जागा हवी, ती संध्याकाळीच हेरून ठेवा. म्हणजे एका रात्रीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतची बहुतेक नक्षत्रं होऊन जातात. पाच वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे त्या वेळी डोळे चोळत एकाच दिशेला बघत असतात.

शहरात राहूनच

दर महिन्याला वांगणी जमणार नाही. तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गच्चीची चावी मागा. आकाशदर्शन म्हटलं की ते साशंक होतात, पण चंद्र दाखवायला बोलावलंत तर पुढच्या वेळी चावी न मागता मिळते. चंद्र, शुक्र, मंगळ, गुरू, शनी यांना शहरी उजेडाने काही फरक पडत नाही. मृग, व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय, स्वाती, चित्रा, अभिजित हे तारे परळ-गिरगावातूनही दिसतात. उलट नवशिक्याला शहरात ओळख पटवणं सोपं जातं, कारण मोजकेच तेजस्वी तारे उरलेले असतात. दाट अंधारात तारे एवढे की मृगही हरवतो. मोबाइलवरचं स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप दुपारी बघून ठेवा आणि रात्री फोन खिशात.

दिवसाचाही एक सुंदर कार्यक्रम आहे, शून्य सावलीचा. मुंबईत १५-१६ मे आणि २७-२८ जुलैच्या सुमारास सूर्य मध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, तेव्हा मे धरा. वेळ साधारण १२ वाजून ३५ मिनिटं, बारा नव्हे, कारण आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या रेखांशाचं आणि आपण पश्चिमेला. सुट्टी असते, मुलं घरीच असतात. गच्चीवर स्टीलचा पेला उलटा ठेवा आणि सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी खडूने सावलीची कड आखत जा. ठाणे-कल्याणकडे तारखेत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो.

सूर्यग्रहणाला मात्र कुणाच्याही सांगण्यावरून एक्स-रे फिल्म, काजळी लावलेली काच किंवा गॉगल वापरू नका. ग्रहणाचे प्रमाणित चष्मे किंवा पुठ्ठ्यातल्या सुईच्या भोकातून कागदावर पडलेली प्रतिमा, एवढंच. दुर्बिणीतून सूर्य बघायचा तर पुढच्या तोंडाला सौर गाळणी लावलेली आणि जाणकाराने लावलेली दुर्बीण हवी, नाहीतर दृष्टी कायमची जाते.

पहिल्या कार्यक्रमानंतर

दुसऱ्यांदा जाताना एखादं काम मागून घ्या: नावनोंदणी, चहा, रांग सांभाळणं. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी तुम्हाला दुर्बिणीशेजारी उभं करेल आणि ‘कृत्तिका लावून दे’ म्हणेल. शिकायची याहून चांगली पद्धत नाही. हंगाम असा काढला की आपल्याला चंद्र-ग्रह आवडतात की दूरच्या दीर्घिका, उचलायला जड पेटी चालेल की हलकी नळी, हे आपोआप कळतं आणि दुर्बिणीचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो. ‘५०० पट मोठं दाखवते’ असं खोक्यावर लिहिलेली खेळण्यातली दुर्बीण घेऊ नका. किती पट यापेक्षा भिंग किंवा आरसा किती मोठा ते विचारा. तोवर द्विनेत्री पुरेशी आहे.

मार्च-एप्रिलच्या अमावास्येला काही मंडळी मेसिए मॅरेथॉन करतात: १८व्या शतकात शार्ल मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने सुरू केलेल्या यादीतल्या ११० तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिकांपैकी एका रात्रीत जास्तीत जास्त शोधायच्या. नवशिक्याने त्यात बसून नुसतं बघितलं तरी चालतं, कोण कुठली वस्तू कशी शोधतो ते कळतं.

पावसाळ्यात बैठका, व्याख्यानं आणि वर्ग चालू असतात. बहुतेक लोक तेव्हा फिरकत नाहीत, त्यामुळे शिकवणाऱ्यांना वेळ असतो. तेव्हाच जा. गणपती उरकले की हंगामाच्या तारखा जाहीर व्हायला लागतात, आणि डिसेंबर-जानेवारीच्या अमावास्यांच्या जागा लवकर भरतात. नाव आधी नोंदवा, रजेचा अर्ज नंतर.